वकील बसला तोरणाखाली

घ्या, चहा घ्या आधी. अन् एक सांगून ठेवते, हसाचं नाही. हसाचंच असन तं कप खाली ठेवून हसा. मागच्या खेपेस हाच किस्सा आयकताना पाटलीणबाईले ठसका लागला, अन् अर्धा कप माह्या सारवलेल्या अंगणात सांडला.

तं झालं असं, का मी माह्या तोंडानं अख्ख्या गावचा पोळा फोडला. हाव! पोळा कसा फुटते ते तुम्हाले माहीत आहे. तोरणाखाली बैल उभे राह्यतात, झडत्या, म्हंजे पोळ्याची गाणी, म्हणतात, मानाची जोडी पुढं निघते, तोरण तुटते, अन् मंग सगळे बैल घराकडं पळतात. आमच्या गावात त्या साली यातलं काही धड झालंच नाही. मी ओरडली अन् पोळा फुटला!

पण असं अर्धवट सांगून कळणार नाही. पह्यलेपासून आयका.

आमच्या घरी एकच बैल राह्यला व्हता, भुऱ्या. त्याचा जोडीदार म्हातारपणानं गेला. आता एका बैलानं शेत वाहता येते का? पलीकडच्या बंजारा तांड्यावर प्रल्हादभाऊ राठोड, त्याईच्याही घरी एकच. त्याचं नाव वकील. कोणी काही म्हणलं का हा हंबरून उत्तर देणारच, म्हणून वकील. त्याईचा एक अन् आमचा एक, जुळली जोडी. जोडी जुळली तं मधातला धुरा, म्हंजे बांध, कायले पाह्यजे? शेतं जुळली. शेतं जुळली तं प्रल्हादभाऊची बायको शांता म्हणे, "शोभाबाई, रोज तांड्यावरून येणं-जाणं कायले करू? इथंच खोल्या बांधू."

मंग आली नागपूरची अनघा, नोकरी सोडून. तिच्या आईच्या वाट्याची जमीन आमच्या शेताले लागून पडीत पडली व्हती. संग तिचा नवराही व्हता, पण तो बिचारा 'हो' म्हणाच्या पलीकडं काही बोलत नाही, म्हणून त्याले सोडा. ती म्हणे, "काकू, विष न फवारता कसं पिकवायचं, ते शिकायचंय मला."

मी म्हणलं, "आम्हालेही शिकाचंच आहे माय. ये, मिळून शिकू."

झाल्या एका रांगेत खोल्या. समोर एक लांब वसरी, मागं गोठा, अन् तीन घरं मिळून चूल एकच. कपाशीत तूर, तुरीच्या मधात मूग. खत शेणाचं, फवारा निंबोळीचा. टॅक्टर नाही. म्हंजे पाहा, सगळ्या कारभाराचा भार त्या दोन बैलाईवर. बैल खातीन तं शेण, शेण असन तं खत, अन् खत असन तं आपल्या ताटात भाकर.

आता माह्ये भासरे आणते मधात. भासरे म्हंजे ह्याईचे मोठे भाऊ, बाबाराव. त्याईचा टॅक्टर, त्याईची मिशी अन् त्याईचा आवाज, गावात तिन्ही मोठे. खोल्या पाहाले आले, वसरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले अन् ह्याईले म्हणतात, "तीन बाया अन् एक चूल? महाभारत होईन रे! अन् बैल भागीचे? भागीचं घोडं किवणानं मेलं, आयकलं नाही का?"

जुनी म्हण आहे. घोडं दोघाचं असलं का हा म्हणते तो पाहीन, तो म्हणते हा पाहीन. त्याच्या जखमेले कोणीच पाहत नाही, अन् घोडं किडे पडून मरते.

माह्या जिभेवर उत्तर आलतं. पण देऊ कसं? आमच्याकडं सुनेनं भासऱ्यासंग बोलाचं नसते. डोक्यावर पदर अन् नजर खाली. लगन होऊन आली तवापासून एक शब्द नाही. म्हंजे आम्ही बोलतो, पण मधात कोणीतरी लागते. माणूस नसन तं कोंबडीही चालते.

तं मी अंगणातल्या कोंबडीले म्हणलं, "कोंबडे, सांग कोणाले, का आमच्या चुलीचं आम्ही पाहू. अन् आमची भागीची जोडी यंदा पोळ्यात सगळ्याईच्या पुढं निघते का नाही, तेही पाहावं कोणी!"

भासरे कोंबडीकडंच पाहून म्हणतात, "कोंबडे, सांग तिले, पुढं मानाची जोडी निघते. भागीची नाही!"

कोंबडी बिचारी दाणे टिपणं सोडून एकदा इकडं पाहे, एकदा तिकडं पाहे.

बरं, मी हे बोलली तवा समोर अजून एक माणूस बसला व्हता. प्रल्हादभाऊचे वडील, फुलसिंगकाका. तांड्यावरचं जुनं खोड. त्याईच्या आज्या-पणज्याईनं बैलाच्या पाठीवर धान्य अन् मीठ लादून मुलुख पालथा घातला. काका बैलाच्या पाठीवर हात ठेवून सांगतीन, का घरात भांडण आहे का नाही. अन् त्याईच्या वावरात विहीर! उन्हाळ्यातही पाणी असलेली! आमचं सगळं कोरडवाहू. ती विहीर आमच्यात आली तं रब्बी, भाजीपाला, सगळंच. नाही आली तं पावसाळा संपल्यावर अनघा नागपूरले, शांता तांड्यावर, अन् त्या लांब वसरीत मी एकटी. झोपच लागत नव्हती मले ह्या विचारानं.

काकाईले सगळ्याईनं इचारलं. काका म्हणे, "पोळा होऊ द्या. पोळ्यात जोडी पाहीन, मंग सांगीन. माणूस खोटं बोलते, बैल नाही बोलत."

झालं! आता सगळं त्या दोन बैलाईच्या अंगावर.

चारा-पाण्याची पाळी लावली. आठवडा तिन्ही घराईनं वाटून घेतला. ज्याची पाळी त्यानं टाकाचं, दुसऱ्यानं पाहाचं नाही, असा कडक नियम. नियम कोणी केला? मीच केला. अन् मोडला कोणी? सांगते, घाई कायले करता!

माह्या डोक्यातून ते घोडंच जाईना. मनात ये, शांता आपल्या वकीलाले पेंढी टाकन अन् माह्या भुऱ्याले काडी. मंग मलेच माह्यी लाज वाटे. इतकी चांगली बाई, अन् तिच्याबद्दल असं? मंग त्या लाजेपायी दुपारी सगळे आडवे झाले का मी हळूच गोठ्यात जाओ अन् दोघाईच्याही पुढं टोपलं टोपलं वैरण टाको. वकीलाले जरा जास्त, अन् वरतून गुळाचा खडा. पाप फेडाले.

अन् वकील काय भरला म्हणता! मान अशी, पुठ्ठा असा! अंगावर माशी बसली तं घसरन. शांता म्हणे, "हिरव्या चाऱ्याचा गुण आहे." आमचे हे म्हणत, "मातीचा गुण आहे." अनघा म्हणे, "काकू, शेण किती वाढलंय पाहिलंत का?" मी म्हणलं, "हाव ना वं, नवलच आहे." कोणी कोणाच्या डोळ्यात पाहून बोले ना. मले काय माहीत काहून!

एकच गोष्ट खटके. डवऱ्याले, म्हंजे कोळप्याले, जुंपला का वकील दोन तासं, म्हंजे पिकाच्या दोन ओळी, सरळ चाले, अन् मंग पिकाच्या मधातच बसे. प्रल्हादभाऊ म्हणत, "विचार करून राह्यला."

अशात पोळ्याच्या आठ-पंधरा रोज आधी मी पहाटे अंगण झाडाले उठली. पाह्यतो तं गोठ्याच्या मागून भासरे निघून राह्यले! खांद्यावरचा दुपट्टा हातात गुंडाळलेला, अन् पावलं कशी, मांजरावानी. हा माणूस आमच्या गोठ्यात कायले आला?

आता तुम्ही म्हणान, इचाराचं ना मंग. इचारू कसं बाप्पा? कोंबड्याही उठल्या नव्हत्या. मी वसरीच्या खांबाले म्हणलं, "खांबा, पहाटे पहाटे लोकाईच्या गोठ्याकडं कोणाचं काय काम असते?"

भासरे दचकले. मंग मिशीवर हात फिरवून खांबाले म्हणतात, "खांबा, सांग तिले, पांदणीचा रस्ता सरकारी आहे." अन् गेले झपाझप.

मी ह्याईले उठवलं. म्हणलं, "अवो, जा, इचारा तुमच्या भावाले."

"दादा तसा नाही. झोपू दे."

"तसा नाही तं कसा? जोडी पोळ्यात पुढं निघू नये म्हणून काही चारून राह्यले, दुसरं काय!"

"मंग तूच इचार."

"मी कशी इचारू?"

"तं कोंबडीले पाठव," म्हणून हे कूस पालटून घोरालेही लागले.

तेव्हापासून मी रोज वकीलाचं नाक पाह्यलं, जीभ पाह्यली, कानाच्या मागं हात लावून पाह्यला. कळंबच्या चिंतामणीले नवस बोलली. अन् भासऱ्यानं काही चारलंच असन तं त्याचा उतार म्हणून गुळाचे दोन खडे अजून वाढवले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दिवेलागणीले बैलाईच्या खांद्याले तूप-हळद लावली, अन् कानात आवतन दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी दिलं. मले वाटलं, मीच दिलं. लक्षात ठेवा हे.

पोळ्याचा दिवस! भुऱ्या अन् वकील काय दिसत व्हते! शिंगाले बेगड, गळ्यात घुंगरू, पाठीवर शांतानं टाके टाके घालून शिवलेली झूल. आरशाचे तुकडे लावलेली, तांड्यावरच्या बाया लावतात तशी. गाव पाहतच राह्यलं. पारावर आम्ही बाया उभ्या व्हतो, अन् मी मान अशी वर करून उभी, जसं काय मीच झूल घातली आहे.

कोणी म्हणे, "ही भागीची जोडी? आपली स्वतःची अशी नाही वो!" हे शब्द कानावर पडले अन् माह्या अंगावर मूठभर मास चढलं. फुलसिंगकाका समोरच काठी टेकवून उभे. त्याईनं वकीलाच्या पाठीवर हात ठेवला अन् हसले. मी म्हणलं, विहीर आली!

तेवढ्यात वकील बसला.

तोरणाच्या बरोबर खाली. मधोमध. पुढचे पाय मोडले, मागचे मोडले, अन् "हुश्श" करून बसला. त्याच्या संग भुऱ्याचीही मान खाली.

प्रल्हादभाऊनं पुचकारलं. नाही. ह्याईनं शेपूट पिळलं. नाही. चार गडी खाली हात घालून उचलाले गेले, तं वकील असा पाहे, जसं म्हणून राह्यला का उचला, मले काय! इकडं मागं अख्ख्या गावचे बैल रांगेत. मानाची जोडी अडली, वाजंत्री थांबली. झडत्या म्हणणारा म्हातारा "हर बोला" म्हणून तोंड उघडं ठेवून उभा. पाटील म्हणतात, "अरे, पोळा फोडाचा आहे का नाही आज?" कोणीतरी मागून ओरडलं, "वकील तारीख मागून राह्यला!" अन् सगळं गाव हसलं.

काय सांगू, धरणीनं फाटून पोटात घ्यावं असं झालं मले.

"कांई वेगो?" करत फुलसिंगकाका जवळ आले. काय झालं, काय झालं म्हणून त्याईनं बैलाचं तोंड पाह्यलं, मंग मान हलवली अन् काठी उचलून तांड्याच्या रस्त्याले लागले. त्याईची पाठ दिसली अन् मले विहीर जाताना दिसली. अनघा जाताना दिसली, शांता जाताना दिसली. डोळे भरून आले.

अन् भरल्या डोळ्यानं पाह्यतो तं समोर भासरे! हातात तोच दुपट्टा गुंडाळलेला, अन् दुपट्ट्यात काहीतरी फुगीर!

मंग माह्यं काय झालं ते मलेच माहीत नाही. कोंबडी नाही, खांब नाही, डोक्यावरचा पदर कुठं गेला पत्ता नाही. पारावरून बेंबीच्या देठापासून ओरडली,

"दादाजीsss! काय चारलं माह्या बैलालेsss?"

बाप्पा! पारावरच्या पिंपळातले बगळे उडाले. पाटलाच्या हातातला नारळ पडला. अन् वकील? वकील असा उठला, जसा खालून कोणी निखारा ठेवला! भुऱ्याले घेऊन सरळ तोरणात घुसला. तोरण तटकन तुटून त्याच्या शिंगात, आंब्याची पानं भुऱ्याच्या डोळ्यावर, अन् दोघंही घराकडं सुसाट! त्याईच्या मागं मानाची जोडी, तिच्या मागं अख्खं गाव. झडतीवाल्या म्हाताऱ्यानं तवा कुठं "हर हर महादेव" पुरं केलं, पण आयकाले बैलच नव्हते.

फुटला पोळा. अन् पुढं कोणाची जोडी निघाली? भागीची! पण ते मले तवा सुचलं कुठं? मले एवढंच सुचलं, का मी भासऱ्यासंग बोलली. तेही भर पोळ्यात! बैल गेले, पण बाया तिथंच तोंडाले पदर लावून माह्याकडं पाहत उभ्या. आमचे हे तं असे दिसत व्हते, जसं ओरडली मी नाही, तेच ओरडले.

घरी आलो तं वकील गोठ्यात, दावणीपुढं उभा. तोरण शिंगात तसंच. मागं मागं अर्धं गाव आलं, रस्त्यातून फुलसिंगकाकाही वळून आले, अन् जनावराचा डॉक्टरही आला. तो पोळा पाहाले आलता बिचारा. त्यानं वकीलाचं पोट दाबलं, कान लावला, डोळे पाह्यले अन् म्हणे, "रवंथ करून राह्यला. याले काही झालं नाही. आज काय काय चारलं याले?"

शांता झूल सारखी कराले लागली, आमचे हे दावं.

"अहो, सांगा ना. जेवला किती हा?"

शांता हळूच म्हणे, "मी सकाळी पुरणपोळ्या चारल्या. वकील आमचा, शोभाबाई म्हणतीन आपल्याच बैलाले चारते, म्हणून भुऱ्यालेही चारल्या. तशी मी रोजच चारते... पाळी नसली तरी."

अनघा म्हणे, "मी पण रोज. मुगाचा पाला. मला वाटलं, तुम्ही दोघी एकमेकींवर ढकलाल."

प्रल्हादभाऊ म्हणे, "मी संध्याकाळी ज्वारी." आमचे हे खाली पाहून म्हणे, "मीही टाकतो कधीमधी." कधीमधी! मंग कळलं, का आदल्या दिवशी आवतनही सगळ्याईनं वेगवेगळं दिलं व्हतं. वकीलानं ते सगळं मनावर घेतलं, अन् घराघराचं जेवून तोरणाखाली आला. म्हणीतलं घोडं कोणी पाह्यलं नाही म्हणून मेलं असन, आमच्यात मात्र म्हणीच्या भेवानं बैल जेवून जेवून बसला!

मी गुळाचं कबूल केलं. "किती खडे?" डॉक्टर. मी सांगितलं. डॉक्टर माह्याकडं पाहतच राह्यला.

"पण दादाजीनं काय चारलं?" मी म्हणलं. एकदा बोललीच तं बोलली.

भासरे वसरीच्या खांबापाशी उभे व्हते. त्याईनं दुपट्टा सोडला. आत ढेप, म्हंजे पेंड. सरकीची चांगली ढेप! अन् खांबाकडं तोंड करून म्हणतात, "खांबा, सांग तिले. मले वाटलं, भागीचे बैल हे लोक उपाशी मारतीन. लहान भावाच्या घरचं जनावर आहे, डोळ्यानं पाहवलं नाही. म्हणून रोज पहाटे ढेप चारतो."

अन् त्याईचा तो मोठा आवाज त्या वाक्याले कुठं गेला काय माहीत! मिशी थरथरून राह्यली व्हती. मले इतकं रडू आलं का काही इचारू नका. ज्या माणसाले मी भर गावात चोर केलं, तो आमच्याच बैलाले चारून राह्यला व्हता!

तेवढ्यात फुलसिंगकाका हसाले लागले. आधी हळू, मंग काठी टाकून, खाली बसून. "याडी ये, माय वं! चोरून खाणारे लय पाह्यले. चोरून चारणारे आज पाह्यले. अन् तेही सगळेच्या सगळे!" डोळे पुसत पुसत उठले अन् म्हणे, "घ्या विहीर. पण बैलाईले आता उपाशी ठेवा दोन रोज."

मी शांताच्या गळ्यात पडली, शांता अनघाच्या. त्या दिवशी आमच्या एका चुलीवर जे जेवण झालं, तसं ह्या गावात कोणाच्या लग्नातही झालं नसन. भासरेही जेवले. अन् त्या हिवाळ्यात त्या विहिरीवर आमचा गहू असा उभा राह्यला, का भासऱ्यानं आपलंही वावर आमच्यात टाकलं. टॅक्टर मात्र बाहेर ठेवाले लावला. तो अनघाचा हट्ट!

नव्यानं कामं वाटली तवा चारा-पाण्याची किल्ली भासऱ्याकडं गेली. दावणीच्या जवळपास मी दिसली नाही पाह्यजे, असं एकमतानं ठरलं. आमच्यात एकमतानं ठरलेली ती पह्यली गोष्ट. मी म्हणलं, "मंग मी काय करू?"

सगळे आपापल्या कामाले लागले. पण मले काम मिळालं, दुसऱ्याच दिवशी.

वकीलाची बसाची खोड गेली नाही ना! दोन तासं चालला का बसते. शेपूट पिळा, पुचकारा, उठत नाही. मंग भासरे धुऱ्यावरून चालत अंगणात येतात. आम्ही आता बोलतो, पण जुनी सवय, म्हणून आधी कोंबडीकडंच पाहतात.

"कोंबडे, सांग तिले, वकील बसला. चाल म्हणा ओरडाले. अन् माह्यंच नाव घेऊन ओरड म्हणा. दुसऱ्या कोणाच्या नावानं तो उठतच नाही!"